न बांधलेले धरण

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक अडचण नेहमी जाणवते. आमच्या पुस्तकात घडलेल्या गोष्टींना जागा असते, न घडलेल्या गोष्टींना नसते. लढाई झाली की तिचे साल येते, तह झाला की त्याची कलमे येतात, धरण बांधले की त्याची उंची, त्याचा पाणीसाठा आणि त्याखाली भिजणारी जमीन मुलांच्या वहीत उतरते. परंतु एखादे धरण बांधायचे ठरले, त्याला मंजुरी मिळाली, पैसा बाजूला काढला गेला आणि मग पुष्कळ वादविवाद होऊन ते बांधले गेले नाही, तर त्याचा धडा कोणत्या प्रकरणात घालावा? जे नाही त्याचा नकाशा कसा काढावा?

असे एक न बांधलेले धरण पाहायला मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत केरळात जाऊन आलो. पाहायला म्हणजे काय, तर जिथे पाणी साठले असते तिथे आज काय उभे आहे ते पाहायला.

जागा पालक्काड जिल्ह्यात आहे. आपला सह्याद्री तापीच्या दक्षिणेस सुरू होतो आणि कोकण, गोवा, कर्नाटक डाव्या-उजव्या हाताला ठेवीत खाली खाली जात राहतो. पालक्काडपाशी मात्र त्याची भिंत एकदम तुटते आणि सुमारे तीस किलोमीटर रुंदीची खिंड पडते. त्या खिंडीच्या उत्तरेला, निलगिरीच्या नैर्ऋत्य कुशीत, एक उंच दरी आहे. तिन्ही बाजूंनी डोंगरकडे, मधून वाहणारी कुंती नदी आणि कड्यापासून पाण्यापर्यंत सदाहरित वर्षारण्य. इंग्रजांनी तिला 'सायलेंट व्हॅली' म्हटले. तिथल्या लोकांत तिचे जुने नाव 'सैरंध्रीवन'.

मराठी माणसाला हे नाव ऐकून घरच्यासारखे वाटते. अज्ञातवासात विराटाच्या घरी द्रौपदी सैरंध्री म्हणून राहिली हे आपण लहानपणीच ऐकलेले असते. पांडव वनवासात इथे येऊन राहिले, म्हणून नदी कुंतीची आणि वन द्रौपदीचे, अशी तिथली समजूत. पोथीचा बारकावा काढायचा तर वनवासात कुंती मुलांबरोबर नव्हती, ती हस्तिनापुरात विदुराघरी राहिली होती. आणि सैरंध्री हे नाव वनातले नव्हे, राजवाड्यातले. पण आपणही नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवांच्या नावावर घालून मोकळे झालोच आहोत. ज्या जागेपुढे माणसाला आपली उंची कमी वाटते ती जागा तो पांडवांना देऊन टाकतो. ती एक तऱ्हेची पावतीच होय.

इंग्रजी नावाविषयी दोन-तीन मते आहेत. कुणी म्हणतात, या रानात रातकिडे ओरडत नाहीत म्हणून ती निःशब्द दरी. कुणी म्हणतात, सैरंध्री या शब्दाचेच ते साहेबी रूप. आणखी कुणी त्याचा संबंध तिथल्या माकडाच्या शास्त्रीय नावाशी जोडतात. ते नाव 'मकाका सिलेनस'. मी कोणत्याच पक्षाचा नाही. मला मात्र वाटेत किरकिर ऐकू आली, आणि मी तसे म्हणताच आमचा वाटाड्या हसला. "नाव साहेबाने ठेवले," तो म्हणाला, "किड्याला कुठे ठाऊक?"

हा वाटाड्या अट्टप्पाडीतला, मुडुगा जमातीचा. मुडुगा, इरुळा आणि कुरुंबा हे त्या डोंगरांतले मूळचे रहिवासी. त्याला मल्याळम आणि तमिळ चांगले येई, आणि हिंदी माझ्याइतकेच मोडके. मी शाळामास्तर आहे हे कळल्यावर तो मला 'माष' म्हणू लागला. तिकडे मास्तरला 'माष' म्हणतात. शब्द ऐकला आणि दोन प्रांतांतले अंतर एकदम बोटभर झाले.

मुक्काली या गावी वनखात्याची चौकी आहे. तिथून खात्याच्याच गाडीतून तेवीस किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत जाता येते; त्यापुढे अरण्याचा गाभा आहे आणि तिथे प्रवाशाचे काम नाही. ही व्यवस्था मला आवडली. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्याला उंबरठा असतो, रानाला का नसावा?

रस्ता चढू लागला तसा उजेड बदलला. आपल्या कोकणातल्या देवराईत शिरल्यावर जशी सावली अंगावर येते तशी, पण देवराई चार-दोन एकरांत संपते, ही संपेना. नागकेशर, पाली, उंचच उंच सरळ गेलेले वृक्ष, त्यांच्या खांद्यावर नेचे आणि आमरी, बुंध्याला चढलेली रानमिरी. एका वृक्षाकडे बोट दाखवून वाटाड्या म्हणाला, "वेडिप्लाव." तिकडे 'प्लाव' म्हणजे फणसाचे झाड आणि 'वेडि' म्हणजे बंदुकीचा बार. काटेरी फळ तडकते म्हणून बाराचा फणस. शास्त्रज्ञ त्याला 'कुलेनिया' म्हणतात. या झाडाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या कथेत एका राज्यसरकारपुढे जे माकड उभे राहिले त्याच्या पोटाचा मोठा आधार हे झाड आहे.

ते माकड आम्हाला दिसले. आधी एक शेकरू दिसले, आपल्या भीमाशंकरला दिसते त्याच जातीचे; तिकडे त्याला 'मलयण्णान' म्हणजे डोंगरखार म्हणतात. मग काळे निलगिरी वानर दिसले. आणि त्यानंतर एका वळणावर वरच्या फांद्या हलल्या, गाडी थांबली, आणि पानांतून एक काळा चेहरा खाली पाहू लागला. चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, अंग कोळशासारखे, आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हेच सिंहपुच्छ माकड, मल्याळममध्ये 'सिंहवालन'. एका मादीच्या पोटाशी पिल्लू होते. पाच-सात मिनिटे ती टोळी आमच्या डोक्यावरून फांदीमागून फांदी ओलांडीत गेली. जमिनीवर एकही उतरले नाही. हे प्राणी जवळजवळ सारा जन्म झाडांच्या शेंड्यांवर काढतात, आणि म्हणून शेंड्याला शेंडा लागलेले रान त्यांना लागते. रानात मोठी मोकळी पट्टी पडली की त्यांचा रस्ताच तुटला. पश्चिम घाटाबाहेर हे माकड जगात कुठेही रानात नाही, आणि घाटातही काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्रात ते नाही. आपल्याला सर्वांत जवळची त्याची वस्ती म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातली.

आता मूळ कथेकडे येतो.

रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४७ साली या दरीचा शोध घेतला. १९१४ साली ती राखीव जंगल ठरली. आणि १९२८ साली कुणा जाणत्या नजरेला सैरंध्रीपाशी दिसले की कुंती नदी इथे अरुंद घळीतून जाते, वर प्रशस्त दरी आहे, खाली खोल उतार आहे. विजेसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. ती नजर चूक नव्हती. १९५८ साली पाहणी झाली. १९७३ साली नियोजन मंडळाने प्रकल्पाला मान्यता दिली. सुमारे १३० मीटर उंचीचे धरण, १२० मेगावॅट वीज आणि खाली सुमारे दहा हजार हेक्टर जमिनीला पाणी. बदल्यात सुमारे ८३० हेक्टर दरी बुडणार.

हा व्यवहार त्या काळी कुणालाही वावगा वाटला नसता. उत्तर केरळ, म्हणजे जुना मलबार, विजेच्या बाबतीत मागे होता. कारखाने नव्हते, हाताला काम नव्हते. शेतकऱ्याने विहिरीवर पंप मागावा, पोराने अभ्यासाला दिवा मागावा, यात पाप कसले? मी ज्या जिल्ह्यात शिकवतो तिथल्या घरांत कोयनेची वीज जळते. कोयनेचे धरण उभे राहिले म्हणून महाराष्ट्राचे कारखाने फिरले, हे मी मुलांना अभिमानाने सांगतो आणि पुढेही सांगेन. तेव्हा धरण मागणारे सारे दुष्ट आणि विरोध करणारे सारे साधू, अशी या कथेची मांडणी करणे म्हणजे इतिहासाचे कीर्तन करणे होय.

विरोधाची पहिली भाषा माकडाची होती. १९७६ साली केंद्राच्या पर्यावरणविषयक समितीने जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. फतेहअली मुंबईचे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या बरोबरीने काम केलेले. अभ्यासगटाने सांगितले की हा प्रकल्प सोडून द्यावा. पण त्याबरोबर असेही लिहिले की सोडणे शक्यच नसेल तर अमुक सतरा बंधने पाळून तो करावा. या दुसऱ्या वाक्याने घोटाळा केला. सरकारने सोडण्याचा सल्ला बाजूला ठेवला आणि बंधने तेवढी उचलली. समित्यांच्या अहवालात 'पण' हा शब्द केवढा महाग पडतो याचे हे उदाहरण प्रत्येक लिहित्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९७८ साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारने प्रकल्प पुढे जाऊ दिला. अट एवढीच, की राज्याने निसर्गरक्षणाचा कायदा करावा. राज्याने १९७९ साली कायदा केला. त्याच सुमारास जगभरच्या निसर्गसंस्थांनी या माकडासाठी ठराव केले. पण ठरावांनी केरळातला सामान्य माणूस हलला नाही, उलट चिडला. तुम्हाला माकड प्यारे की माणूस? हा प्रश्न सभांतून विचारला जाऊ लागला, आणि तो फेकून देण्यासारखा नव्हता.

त्याला खरे उत्तर दिले ते मास्तरांनी. हे लिहिताना माझा हात थोडा सैल सुटतो हे खरे, पण ते सत्य आहे. १९६२ साली स्थापन झालेली 'केरळ शास्त्र साहित्य परिषद' ही शास्त्र मातृभाषेतून लोकांपर्यंत नेणारी संस्था. तिच्यात शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचा भरणा मोठा. एम. के. प्रसाद हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी १९७७ च्या सुमारास या दरीविषयी लिहायला सुरुवात केली. परिषदेतही प्रथम एकमत नव्हते. वीज हवी असे म्हणणारे तिथेही होते. मग परिषदेने जे केले ते मला या साऱ्या कथेत सर्वांत मोठे वाटते. तिने भावना बाजूला ठेवली आणि हिशेब मांडला. जीवशास्त्र, अणुविज्ञान, विद्युत्शास्त्र, शेती आणि अर्थशास्त्र जाणणारे पाच जण बसले आणि त्यांनी प्रकल्पाचा आकडा न् आकडा तपासला. मलबारला किती वीज लागते? ती दुसऱ्या मार्गाने मिळेल का? तारांतून वाटेत वीज गळते ती रोखली तर किती वाचेल? धरणाने किती लोकांना कायमचे काम मिळेल? त्यांचा निष्कर्ष असा की मलबारची गरज खरी आहे, पण ती भागवायला ही दरी बुडवणे आवश्यक नाही. माकड की माणूस, हा प्रश्नच त्यांनी मोडून टाकला.

दुसरीकडे कवी उठले. सुगतकुमारी यांची झाडाच्या स्तुतीची कविता विरोधकांच्या सभांतून प्रार्थनेसारखी म्हटली जाऊ लागली. प्रतिपक्षाने या मंडळींना 'झाडकवी' म्हणून हिणवले. आपल्याकडेही लेखकाने कवितेबाहेर पाऊल टाकले की त्याला असेच एखादे नाव मिळते. पण केरळात हिशेब मांडणारे आणि कविता म्हणणारे एकाच मांडवात बसले, आणि मला वाटते, यश आले ते त्यामुळे. नुसत्या कवितेला सरकारने हसून सोडले असते, नुसता हिशेब लोकांनी वाचला नसता.

प्रकल्पवाल्यांचा एक मुद्दा दमदार होता. बुडणार आहे ती दरीची जेमतेम एक दशांश जमीन. नऊ हिस्से तर राहतातच ना? याला उत्तर असे मिळाले की ही दशांश जमीन म्हणजे नदीकाठ, आणि नदीकाठ हा या रानाचा कणा आहे. शिवाय धरण एकटे येत नाही. रस्ते, हजारो मजूर, त्यांच्या चुली आणि त्या चुलींचे सरपण घेऊन येते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनीही पाहणी करून सांगितले की दरी आणि भोवतालचे रान मिळून अखंड राखावे. मिरी, वेलदोडा अशा आपल्या पिकांचे रानटी भाऊबंद या जंगलांत आहेत, आणि उद्या शेतातल्या पिकावर रोग आला तर बियाण्याला ताकद तिथूनच आणावी लागेल. शेतकऱ्याच्या नावाने धरण मागितले जात होते. आता शेतकऱ्याच्याच नावाने रान मागितले गेले.

१९७९ साली उच्च न्यायालयात दावा गेला, काम थांबवण्याचा हुकूम झाला. १९८० च्या आरंभी तो दावा फेटाळला गेला. त्याच महिन्यात इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी राज्याला थांबायला सांगितले. १९८० च्या डिसेंबरात राज्याने राष्ट्रीय उद्यान जाहीर केले, पण त्यातून धरणाची जागा तेवढी वगळली. हृदय वगळून देह राखण्याचाच हा प्रकार. मग केंद्र आणि राज्य यांची संयुक्त समिती बसली. अध्यक्ष एम. जी. के. मेनन, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनंतर संचालक झालेले भौतिकशास्त्रज्ञ. समितीचे म्हणणे आल्यावर १९८३ साली प्रकल्प सोडला गेला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराबाईंची हत्या झाली. १५ नोव्हेंबरला धरणाच्या जागेसह ८९.५२ चौरस किलोमीटर अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सैरंध्रीला इंदिराबाईंचे स्मारक आहे, आणि ते असणे योग्यच आहे. परंतु सही करणाऱ्याचे नाव दगडावर येते आणि त्या सहीपर्यंत कागद पोहोचवणाऱ्यांची नावे येत नाहीत, हा इतिहासाचा जुना नियम आहे.

सैरंध्रीला सुमारे तीस मीटर उंचीचा मनोरा आहे. मी वर चढलो. पावसाची एक सर नुकतीच जाऊन ढग कड्यांना अडकले होते. खाली चारी दिशांना हिरव्या रंगाच्या इतक्या छटा होत्या, की 'हिरवा' हा एकच शब्द मराठीत असल्याची लाज वाटावी. दूरवर एक गरुड धनेश पंखांचा भाता ओढल्यासारखा आवाज करीत दरी ओलांडून गेला. वाटाड्याने हात आडवा धरून दाखवले, "माष, पाणी इथवर आले असते." मग आम्ही दीड किलोमीटर उतरून कुंतीवरच्या झुलत्या पुलापर्यंत गेलो. पायाला जळवा लागल्या, त्याने मीठ लावून काढल्या. पाण्याचा तळ दिसत होता.

परत येताना मी त्याला विचारले, धरण झाले असते तर तुमच्या लोकांचे काय झाले असते? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काम मिळाले असते. चार-पाच वर्षे." आणि थोड्या वेळाने, "आमच्या पाड्यात वीज पुष्कळ उशिरा आली, माष." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आनंदही नव्हता. दोन्ही वाक्ये त्याने शेजारी शेजारी ठेवली आणि तो पुढे चालू लागला.

त्या दोन वाक्यांना उत्तर दिल्याशिवाय या कथेला विजयकथा म्हणण्याचा मला अधिकार नाही. केरळ आज आपल्या गरजेतली बरीचशी वीज बाहेरच्या राज्यांतून विकत घेतो, आणि त्यातली पुष्कळशी कोळशाची असते. म्हणजे एक दरी राखली त्याची किंमत थोडी दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीने आणि दुसऱ्या कुठल्या तरी हवेने भरली. राखणे हे कधीच फुकट नसते. ज्यांच्या घरात आधीच दिवा आहे त्यांनी, ज्यांच्या घरात नाही त्यांना रानाचे महत्त्व सांगावे, यातला अवघडपणा मनात ठेवूनच बोलले पाहिजे. शास्त्र साहित्य परिषदेच्या लोकांनी तो ठेवला होता; म्हणून त्यांनी 'वीज नको' म्हटले नाही, 'वीज अशी आणा' म्हटले. नाही म्हणण्याचा नैतिक अधिकार पर्याय शोधण्याच्या कष्टातून येतो, हे मी त्यांच्यापासून शिकलो.

आणि त्याच्या उलट बाजूही पाहावी. आपल्या कोयनेचा परिसर १९८५ साली अभयारण्य झाला, २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात गेला. धरण झाल्यावरही आपल्याला उरलेले रान राखावेसे वाटलेच. म्हणजे धरणवाले आणि रानवाले ही दोन वेगळी माणसे नव्हेत. एकाच समाजाच्या या दोन गरजा आहेत, आणि त्या एका जागी भिडल्या की निवड करावी लागते. वीज आणण्याच्या वाटा अनेक असतात. त्या दरीसारखी दरी दुसरी करता येत नाही. निवडीचे माप म्हणून मला एवढे पुरते.

या कथेला शेवटचे साल मात्र नाही. दोन हजार सालानंतर लवकरच पात्रक्कडव येथे, उद्यानाच्या सीमेला लागून, थोड्या खालच्या अंगाला दुसऱ्या विद्युत्प्रकल्पाची योजना पुढे आली. पुन्हा वाद झाले, पुन्हा जुनीच माणसे आणि काही नवी माणसे उभी राहिली, आणि २००७ साली उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला गेला. बांधलेले धरण एकदा बांधले की झाले. त्याच्यासाठी पुन्हा मत मागावे लागत नाही. न बांधलेले धरण मात्र प्रत्येक पिढीला नव्याने न बांधावे लागते. घळ तिथेच आहे, नदी तिथेच आहे, आणि १९२८ सालच्या माणसाला जे दिसले ते उद्याच्या माणसालाही दिसणारच आहे.

म्हणून मी यंदा नववीच्या वर्गात धरणांची यादी शिकवून झाल्यावर फळ्यावर शेवटी एक ओळ वाढवली. नदी कुंती, जागा सैरंध्री, उंची शून्य. मुलांनी ती वहीत उतरून घेतली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, मग तिथल्या लोकांना वीज कुठून मिळाली?" प्रश्न नेमका होता. त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही त्याच्यावरच घालवला, आणि तो पुरला नाही.